जुन्या लॉनमोवरला पुन्हा धार

वाचनपाठ : माहितीपर लेख

वाचण्याआधी
१. तुमच्या घरी गवत कापायचं यंत्र आहे का? ते हाताने चालतं, विजेवर, बॅटरीवर की पेट्रोलवर?
२. घरातली एखादी वस्तू बिघडली की तुम्ही ती दुरुस्त करता की नवी आणता?
३. कात्रीला दोन पाती का लागतात? एका पात्याने कागद कापून बघा.

शेडमध्ये काय सापडलं?

आम्ही इंग्लंडमधलं आमचं घर घेतलं, तेव्हा आधीच्या मालकांनी मागच्या शेडमध्ये बरंच सामान तसंच ठेवलं होतं. रंगाचे वाळलेले डबे, कुंड्या, एक मोडकी खुर्ची, आणि सगळ्यांत मागे गवत कापायचं एक जुनं यंत्र, म्हणजे लॉनमोवर. त्याला वायर नव्हती, इंजिन नव्हतं. हाताने ढकलायचं यंत्र होतं ते. सगळीकडून गंजलेलं आणि इतकं जड की एकट्याने उचलवत नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात माझे बाबा सांगलीहून आमच्याकडे राहायला आले. बाबा आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. शेड आवरताना मी ते यंत्र बाहेर काढलं.

"अगं, हे टाकायला काढलंयस की काय?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा. पार गंजलंय. शनिवारी टिपवर नेऊन टाकू."

"थांब जरा. आधी बघू तर दे."

बाबांनी यंत्र आडवं केलं, बोटाने गंज खरवडला, पात्यांकडे निरखून पाहिलं आणि हसले. "ही तर आपली कडबा कुट्टी! कुट्टीत वैरण पात्याकडे जाते, इथे पातं गवताकडे जातं. बाकी काम तेच."

माझा अकरा वर्षांचा मुलगा शेजारीच उभा होता. "आजोबा, हे परत चालेल?"

"चालेल की रे. फक्त घाई करायची नाही."

त्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी मिळून ते यंत्र पुन्हा चालू केलं. त्यात एक मोठी चूकही केली. ती पुढे सांगते. ब्रिटनमध्ये असे जुने लॉनमोवर जमवणारी आणि दुरुस्त करणारी बरीच माणसं आहेत, हे आम्हाला तेव्हाच कळलं. हा छंद नेमका काय आहे, आणि तो याच देशात इतका का रुजला, ते या पाठात बघू.

कापडाच्या गिरणीतून हिरवळीवर

लॉनमोवरचा जन्म इंग्लंडमधला. ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड नावाचं गाव आहे. तिथल्या दऱ्यांमध्ये पूर्वी लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. लोकरीच्या कापडावर बारीक तंतू उभे राहतात. ते एकसारखे कापले की कापड गुळगुळीत दिसतं. या कामासाठी गिरणीत एक यंत्र असे. त्यात फिरत्या सिलिंडरवर पाती बसवलेली असत, आणि ती कापडावरचे तंतू भादरत जात.

एडविन बडिंग नावाचा कारागीर याच भागात यंत्रांची कामं करत असे. त्याच्या मनात आलं, की जे कापडावर चालतं ते गवतावर का चालू नये? ३१ ऑगस्ट १८३० या दिवशी त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. जॉन फेराबी हा त्याचा भागीदार. त्याचा थ्रप या गावात लोखंडी कामाचा कारखाना होता, तिथे ही यंत्रं बनू लागली. बडिंग आपलं यंत्र रात्री अंधारात चालवून बघायचा, म्हणजे शेजारी त्याला वेडा म्हणणार नाहीत, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे!

त्याआधी हिरवळ कशी कापत? लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने. हे काम फार कसबाचं. दव पडलेलं ओलं गवत विळ्याला नीट लागतं, म्हणून माणसं भल्या पहाटे कामाला लागत. एवढे मजूर ठेवणं श्रीमंतांनाच परवडे. त्यामुळे सपाट, आखूड गवताची हिरवळ ही मोठ्या बंगल्यांची मिरवायची गोष्ट होती. पेटंटच्या कागदात बडिंगने असंही सुचवलं होतं, की गावाकडच्या मोठ्या लोकांनी हे यंत्र स्वतःच चालवावं, त्यात करमणूकही होईल आणि व्यायामही.

बडिंगचं यंत्र १९ इंच रुंद होतं. मागचा मोठा रूळ जमिनीवर फिरायचा. त्याची गती दातेरी चाकांमधून पात्यांच्या सिलिंडरला मिळायची, आणि रूळ एकदा फिरला की सिलिंडर कितीतरी वेळा फिरायचा. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांमध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं प्राणिसंग्रहालय होतं. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने असं यंत्र बनवायचा परवाना घेतला.

आमच्या शेडमधल्या यंत्राच्या बाजूला बिडाची उठावदार अक्षरं होती : रॅन्सम्स, इप्सविच. मुलाने हा इतिहास वाचला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला, "म्हणजे हे बडिंगच्या यंत्राचं पणतू!"

घोडा, वाफ आणि पेट्रोल

पुढच्या शंभर वर्षांत लॉनमोवर बदलत गेला. जुनी यंत्रं जमवणाऱ्यांना हे सगळे टप्पे पाठ असतात.

१८४० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ गावच्या शँक्स यांनी तट्टू जुंपून ओढायची मोठी यंत्रं बनवली. पण घोड्याचे खूर हिरवळीत रुतले तर काय उपयोग? म्हणून घोड्याच्या पायांत चामड्याचे बूट चढवत! भारतातल्या मोठ्या बागांमध्ये आणि मैदानांवर अशा यंत्रांना बैल जुंपत.

१८५९ मध्ये लीड्सच्या थॉमस ग्रीन यांनी साखळीवर चालणारं यंत्र आणलं. दातेरी चाकांपेक्षा साखळीचा खडखडाट कमी. म्हणून त्यांनी यंत्राला लॅटिन नाव दिलं, 'सायलेन्स मेसर', म्हणजे आवाज न करता कापणारा.

१८९३ मध्ये लँकेशरच्या जेम्स सम्नर यांनी वाफेवर चालणाऱ्या लॉनमोवरचं पेटंट घेतलं. पण ते अवजड होतं आणि वाफ तयार होईपर्यंत वाट बघावी लागे. १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवर चालणारं यंत्र विकायला काढलं. १९२१ मध्ये बर्मिंगहॅमच्या चार्ल्स प्यू कंपनीने 'ॲट्को' हा पेट्रोल मोवर बाजारात आणला, आणि हळूहळू मध्यम आकाराच्या बागांमध्येही इंजिनाचा आवाज घुमू लागला. याच ॲट्कोने १९३९ मध्ये मुलांना गाडी चालवायला शिकवण्यासाठी लॉनमोवरचं इंजिन लावलेली एक छोटी मोटारही काढली होती.

आता एक गंमत बघा. हिरवळ स्वस्तात आणि सारखी कापता येऊ लागली, तसे गवतावरचे खेळही वाढले. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये झाली. आजही तिथलं गवत ८ मिलिमीटर उंचीचं ठेवतात, आणि त्यासाठी सिलिंडरवर पाती असलेलीच यंत्रं वापरतात. बडिंगची कल्पना अजून जुनी झालेली नाही.

हे यंत्र गवत कापतं कसं?

आज पुष्कळ घरांत जे लॉनमोवर असतात, त्यांत खाली एक आडवं पातं पंख्यासारखं गरगर फिरतं. ते गवताला जोरात फटका मारून तोडतं. धार कमी असली तर गवताची टोकं फाटतात आणि दोन दिवसांनी पिवळी दिसतात.

जुन्या यंत्राची रीत वेगळी. त्यात दोन भाग महत्त्वाचे :

• फिरता सिलिंडर : यावर पाच-सहा लांब पाती जराशी पीळ देऊन बसवलेली असतात.
• खालचं पातं : हे जमिनीला समांतर, एका जागी घट्ट बसवलेलं असतं. ते हलत नाही.

सिलिंडर फिरला की त्याचं प्रत्येक पातं खालच्या पात्याला घासून जातं. मध्ये सापडलेलं गवत कापलं जातं. म्हणजे ही फिरती कात्रीच. घरात सुपारी कातरायचा अडकित्ता असेल तर तो बघा. एक पातं स्थिर, एक हलतं. कडबा कुट्टीतही असंच असतं. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीच्या काळात कडबा कापायची यंत्रं बनवली होती, आणि १९१० मध्ये त्यांचा कारखाना आताच्या किर्लोस्करवाडीला आला. बाबांचं गाव तिथून जवळ. त्यामुळे ब्रिटिश यंत्र बघून त्यांना आपल्या गावचं यंत्र आठवलं, यात नवल नाही.

पात्यांना पीळ का दिलेला असतो? पातं सरळ असतं, तर ते पूर्ण लांबीवर एकदम आपटलं असतं आणि यंत्र धक्के देत चाललं असतं. पीळ असल्यामुळे कापणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातं. कात्रीही कागद एकदम कापत नाही, कापत कापत पुढे जाते, तसंच.

आणि इंग्लिश बागांमधले ते फिकट-गडद हिरवे पट्टे? ते दोन रंगांचं गवत नसतं. मागचा रूळ गवताला एका दिशेला वाकवतो. परत येताना दुसऱ्या दिशेला वाकवतो. आपल्यापासून पलीकडे वाकलेलं गवत फिकट दिसतं, आपल्याकडे वाकलेलं गडद दिसतं.

दुरुस्ती : एकेक पायरी

जुनं यंत्र दुरुस्त करताना मोठ्या माणसांनी बरोबर असायलाच हवं. पाती गंजलेली असली तरी बोट कापू शकतात. सिलिंडर हाताने कधीच फिरवायचा नाही. जाड चामडी हातमोजे घालायचे आणि लाकडाच्या दांडक्याने तो हलवायचा. इंजिनाचं यंत्र असेल, तर हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवायची.

पहिली पायरी : फोटो काढा. काहीही उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. काढलेला प्रत्येक स्क्रू छोट्या डबीत ठेवा आणि डबीवर नाव लिहा. हे काम माझ्या मुलाकडे होतं. त्याने डब्यांवर मराठीत लिहिलं : 'डावं चाक', 'उजवं चाक', 'कुठलं ते माहीत नाही'. शेवटच्या डबीत बराच ऐवज जमला.

दुसरी पायरी : गंज सैल करा. गंजलेल्या नटावर जोर लावला तर बोल्ट तुटतो. तेल सोडायचं आणि वाट बघायची. बाबा रोज सकाळच्या चहानंतर प्रत्येक नटावर दोन थेंब पातळ तेल टाकत. चार दिवस नट हलले नाहीत. पाचव्या दिवशी हलले. मी एकदा हातोडी उचलली, तेव्हा त्यांनी लगेच थांबवलं. "ते बीड आहे. वाकत नाही, तडकतं. एकदा तडकलं की संपलं." पोलाद मार सोसतं, बीड सोसत नाही. जुन्या यंत्रांच्या बाजू बहुतेक बिडाच्याच असतात.

तिसरी पायरी : योग्य पाना शोधा. आमचं काम इथेच अडलं. घरातला एकही पाना नटाला बसेना. १२ चा ढिला, ११ चा लहान. तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी नट पाहिला आणि घरातून पान्यांची एक जुनी कापडी गुंडाळी घेऊन आले. पाने व्हिटवर्थ मापाचे होते.

जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनीअरने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एक ठरावीक माप सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. ब्रिटनमध्ये पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हेच माप चाललं. १९६५ नंतर इथले उद्योग मेट्रिककडे वळले, आणि हे पाने मागे पडले. या पान्यांवरचा आकडा फसवा असतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड पाव इंच नसतं, चांगलं मोठं असतं. कारण तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही. मापाचा पाना नसेल तर थांबावं. चुकीच्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात, आणि मग तो कशानेच निघत नाही.

बाबांना हे लगेच पटलं. सांगलीच्या कारखान्यात जुनी माणसं अजून इंच आणि सूतच बोलतात. दोघांच्या इंग्रजीत बरंच अंतर होतं, पण नट, बोल्ट, थ्रेड, ग्रीस हे शब्द दोघांचेही होते. तेवढ्यावर त्यांचं रोज तासभर छान जमायचं.

चौथी पायरी : साफसफाई. जुनं ग्रीस वाळून डांबरासारखं होतं. ते रॉकेलने धुऊन काढायचं. इथे रॉकेलला पॅराफिन म्हणतात. हे काम मोकळ्या हवेत करा आणि जवळपास आग नको. लहान गंजलेले भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवले तर गंज सुटतो. नंतर पाण्याने धुवा, लगेच कोरडे करा आणि तेलाचा हात फिरवा. नाहीतर तासाभरात नवा गंज धरतो.

पाचवी पायरी : धार. पाती झिजून वेडीवाकडी झाली असतील, तर ती जाणकाराकडे देऊन घासून घ्यावी लागतात. आमची बरी होती. धार लावायची बारीक वाळूसारखी पेस्ट पात्यांना लावून बाबांनी सिलिंडर उलट्या दिशेने फिरवला. त्यासाठी सिलिंडरच्या दांड्याला बाहेरून हँडल जोडलं होतं. उलटं फिरवल्याने पाती एकमेकांना घासून जुळतात. मग सगळी पेस्ट पुसून काढायची. कण राहिले तर ते धार खात राहतात.

सहावी पायरी : जुळणी. खालचं पातं आणि सिलिंडर यांच्यातलं अंतर दोन्ही टोकांच्या स्क्रूंनी कमी-जास्त करता येतं. जास्त आवळलं तर यंत्र जड चालतं आणि पाती झिजतात. सैल राहिलं तर गवत न कापता नुसतं दुमडतं. बरोबर जुळलं की नाही, हे बघायला एक साधी परीक्षा आहे. कागदाची पट्टी दोन पात्यांमध्ये धरायची आणि दांडक्याने सिलिंडर हळू फिरवायचा. डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, तिन्ही जागी कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे.

आमच्या यंत्राच्या मुठी लाकडी होत्या. त्यांना जवसाचं तेल लावलं. या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कधी टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उलगडून बाहेर वाळत घाला, मगच फेका.

आम्ही केलेली चूक

ही चूक मीच केली. गवत साठवायचा पत्र्याचा डबा काळपट-हिरवा झाला होता. बाबा आणि मुलगा पात्यांच्या मागे लागले होते. मला वाटलं, आपण डबा तरी चकचकीत करू. मी तारेचा ब्रश घेतला आणि जोर लावून घासायला लागले. दहा मिनिटांत एक बाजू स्वच्छ झाली. तेवढ्यात शेजारचे आजोबा आले आणि काही न बोलता दुसऱ्या बाजूला वाकून पाहू लागले. त्यांनी ओलं फडकं मागितलं आणि हलकेच पुसलं. मळाखाली सोनेरी रंग चमकला. दोन-तीन अक्षरं उरली होती. बाकीची गंजाने खाल्ली होती.

मी घासलेल्या बाजूला पूर्ण नाव असावं. तिथे आता फक्त पत्रा होता.

त्या काळी यंत्राचं नाव आणि कंपनीची खूण सोनेरी छापाने डब्यावर उठवत. रॅन्सम्सने अशी कितीतरी प्रकारची यंत्रं बनवली. कंपनी कोणती ते आम्हाला बिडावरच्या अक्षरांवरून कळलं, पण यंत्राचं नेमकं नाव आता नक्की सांगता येत नाही. ते सांगणारी खूण मी दहा मिनिटांत पुसून टाकली.

बाबा म्हणाले, "जाऊ दे. पण लक्षात ठेव, गंज आणि मळ कधीही काढता येतो. मूळ रंग एकदा गेला की परत आणता येत नाही."

या छंदातला मोठा वाद नेमका हाच आहे. काही जण यंत्र पूर्ण उघडून, नवा रंग देऊन, कारखान्यातून आत्ताच आल्यासारखं करतात. काही जण म्हणतात, की जुना रंग, त्यावरचे ओरखडे आणि हाताने झिजलेली मूठ हाच त्या यंत्राचा इतिहास आहे. फक्त स्वच्छ करा, तेलाचं फडकं फिरवा आणि चालवा. पातळ पत्रा गंजून भोकं पडत असतील, तर रंग द्यावाच लागतो. पण मूळ रंग ऐंशी-नव्वद वर्षं टिकला असेल, तर तो काढायची घाई कशाला? हल्ली नव्या सोनेरी छापांच्या नकला करून लावता येतात. तरी नक्कल ती नक्कलच.

जुना रंग घासण्याचा दुसराही धोका आहे. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. कोरडं घासलं की विषारी धूळ उडते. म्हणून आधी रंगाची चाचणी करा. घासायचंच असेल तर ओलं करून, मास्क लावून घासा आणि मुलांना लांब ठेवा. इंजिनाच्या जुन्या यंत्रांत क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तिथली धूळ फुंकू नका. आणखी एक गोष्ट. सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुन्या इंजिनांतले रबराचे आणि बुचाचे भाग खराब होऊ शकतात. त्यामुळे जुनी इंजिनं सांभाळणारे कमी इथेनॉलचं, ई-५ पेट्रोल वापरतात.

हा छंद इथे कुठे बघाल?

साउथपोर्टमध्ये शेक्सपिअर स्ट्रीटवर ब्रिटिश लॉनमोवर म्युझियम आहे. तिथे जुनी यंत्रं दाटीवाटीने मांडलेली आहेत. काही यंत्रं प्रसिद्ध माणसांनी दिलेली आहेत. मिल्टन कीन्स म्युझियममध्येही जुन्या लॉनमोवरचा संग्रह आहे. स्ट्राउडच्या 'म्युझियम इन द पार्क'मध्ये बडिंगचं यंत्र बघता येतं. 'ओल्ड लॉनमोवर क्लब' नावाचा छंदी लोकांचा क्लबही आहे. एखादा सुटा भाग कुठे मिळेल, हे यंत्र कुठल्या सालचं, असले प्रश्न तिथे विचारले जातात.

ज्यांना वेगाची हौस आहे, त्यांच्यासाठी तर लॉनमोवरच्या शर्यतीही आहेत. १९७३ मध्ये वेस्ट ससेक्समधल्या विझबरो ग्रीन गावात, पबमध्ये जमलेल्या मंडळींनी त्या सुरू केल्या. त्यांतली एक शर्यत बारा तास चालते. सुरक्षेसाठी पाती आधी काढून ठेवतात.

पण बहुतेक छंदी लोक शर्यतीला जात नाहीत. ते आपल्या शेडमध्ये असतात. त्यांच्यातले बरेच जण आता वयस्कर आहेत. कुठला स्क्रू किती आवळायचा, हे पुष्कळदा त्यांच्या हातांनाच माहीत असतं. ते शिकून घ्यायचं तर त्यांच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

पहिला पट्टा

जुलैच्या एका कोरड्या संध्याकाळी आम्ही यंत्र हिरवळीवर आणलं. बाबांनी ढकललं. पहिली दोन पावलं कुरकुरलं, मग मोकळं झालं आणि 'सर्रर्र' असा आवाज आला. मागे ओढलं की टिक-टिक-टिक. समोरून बारीक कापलेलं गवत उडून डब्यात पडत होतं, त्याच अर्ध्या घासलेल्या डब्यात.

पहिला पट्टा बाबांनी काढला, दुसरा शेजारच्या आजोबांनी. तिसऱ्याला माझ्या मुलाचा नंबर आला. त्याचा पट्टा चांगलाच वाकडा गेला.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी हवापाणी विचारतात, मग नातवाला हाक मारतात : "काय रे, कागद कापतंय का अजून?" मुलगा शेडमध्ये जातो, हातमोजे घालतो आणि कागदाची पट्टी धरून दाखवतो. परवा उजव्या टोकाला कागद नुसताच दुमडला. बाबांनी फोनवरून सांगितलं, "उजवा स्क्रू, पाव फेरा. जास्त नको." मी पाना त्याच्या हातात दिला. त्याने पाव फेरा आवळला आणि कागद पुन्हा धरला. कापला गेला.

शब्दांची ओळख
हिरवळ – आखूड गवताने झाकलेली जमीन
टिप – नको असलेलं सामान नेऊन टाकायची जागा (ब्रिटनमधल्या मराठी बोलण्यातला शब्द)
कडबा कुट्टी – गुरांसाठी कडब्याचे बारीक तुकडे करायचं यंत्र
वैरण – गुरांचं खाणं, चारा
भादरणे – केस किंवा तंतू बारीक कापणे
कसब – हातातलं कौशल्य
बीड – साच्यात ओतून घडवलेलं लोखंड. कडक, पण तडकणारं
आटे – स्क्रूवरच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा
सूत – इंचाचा आठवा भाग
जवस – अळशी. तिच्या बियांपासून तेल निघतं

समजलं का?
१. बडिंगला लॉनमोवरची कल्पना कशावरून सुचली?
२. सिलिंडरवरच्या पात्यांना पीळ का दिलेला असतो? कात्रीचं उदाहरण घेऊन सांगा.
३. बाबांनी हातोडी वापरू दिली नाही. का?
४. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड पाव इंचापेक्षा मोठं का असतं?
५. लेखिकेने डबा घासल्यामुळे नेमकं काय हरवलं?

बोला आणि लिहा
१. एखादी जुनी वस्तू नव्यासारखी करावी की आहे तशी जपावी? वर्गात दोन गट करून बोला.
२. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या हातांना येणारं कोणतं काम आता फार थोड्यांना येतं? ते काम कसं करतात, हे दहा वाक्यांत पायरी-पायरीने लिहा.